मामंजी परत येताहेत

मंगळवार, ४ मार्च

डॉक्टरीणबाई,

नाकपुड्या! मिटलेल्या होत्या नाकपुड्या! तू म्हणाली होतीस!

मायना, खुशाली, सगळं बाजूला राहिलं बघ. पण नमनाला घडाभर तेल घालायला आज मला सवड नाही. सकाळी ट्रेलर आला. मामंजी जिवंत आहेत.

गेल्या पिक्चरच्या शेवटी ते धरणात बुडाले तेव्हा सगळं थिएटर नाक पुसत बाहेर पडत होतं. तू मात्र पायऱ्यांवर माझा दंड धरून म्हणालीस, "अहो आई, मेलेल्या जनावराच्या नाकपुड्या सैल पडतात. ह्यांच्या घट्ट मिटलेल्या होत्या. हे दम धरून बसलेत." मी म्हणाले, की ते धरणही काही फार दिवस उभं राहत नाही, पायथ्याशी पाझर दिसत होता. मागून चाललेला माणूस आपल्याकडे वेड्या बायका म्हणून बघत गेला. आता ट्रेलर बघ! सुरुवातच त्या भिंतीपासून आहे. पायथ्याशी एक बारीक तडा. तड्यातून पाणी. मग पाण्याखाली अंधार, आणि अंधारात एक नाकपुडी हळूच उघडते. मी अशी किंचाळले की चिरंजीव अर्धी दाढी तशीच ठेवून धावत आले. "काय झालं?" म्हणाला. मी म्हटलं, "तुझे वडील नव्हेत, पण मामंजी परत येताहेत."

तो उरलेली दाढी करायला परत गेला. मामंजी हे नाव तू ठेवलेलं ना. लग्न होऊन आलीस तेव्हा ह्यांना जाऊन बरीच वर्षं झाली होती. मी तुला पहिल्यांदा पिक्चरला नेलं, ते अजस्र धूड डोंगराआडून उठलं, तशी तू ओढणी डोक्यावर घेतलीस आणि माझ्या कानात म्हणालीस, "मला सासरे नाहीत. आजपासून हे माझे मामंजी." त्या दिवशी मला वाटलं, ह्या मुलीचं आणि माझ्या मुलाचं पटो न पटो, माझं हिच्याशी पटणार.

आणि झालंही तसंच. तुमचं पटलं नाही. भांडण नाही, तंटा नाही, समजुतीनं सह्या केल्यात आणि मोकळे झालात. मी मध्ये पडले नाही, पडायचं कारणही नव्हतं. पण एक सांगते. घटस्फोट तू त्याच्याशी घेतलास. माझ्याशी नाही. निदान मला तरी तसा कागद आलेला नाही. नवरा सोडलास, सासू सोडलीस, आता मामंजींनाही सोडणार?

पिक्चर अठ्ठावीसला लागतोय. फोनच करणार होते, पण तू फोन उचलला नाहीस तर ते मला तिथल्या तिथे कळेल. पत्राचं तसं नसतं. पोचलं नसेल असं म्हणता येतं.

तुझे गमबूट दाराशी आहेत. मी ते झाडांना पाणी घालताना घालते. माझ्या पायाला दोन बोटं मोठे होतात, पण चालतंय.

तुझी
(काय लिहू? तूच भर.)


सोमवार, १० मार्च

डॉक्टरीणबाई,

तुझं उत्तर नाही. पत्र पोचलं नसेल.

ट्रेलर मी इतक्यांदा बघितलाय की चिरंजीवांनी आता दाराला आतून कडी लावायला सुरुवात केली आहे. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग म्हणतात ते माझ्याकडे बघून, पण ह्या वयात दुसऱ्या कशासाठी उतावळं व्हायचं, सांग बरं मला.

शहर झकास उभारलंय. मागच्या वेळी सगळ्या इमारती बिस्किटं मोडावीत तशा मोडत होत्या, आठवतं? मी मध्यंतरात तुझं डोकं खाल्लं होतं, की अगं, काँक्रीट असं मोडत नाही, आतल्या सळ्या ताणतात, वाकतात, लोंबतात. ह्या वेळी सळ्या लोंबतायत! कोपऱ्यातला खांब फुटताना आधी वरचं प्लास्टर सुटतं, मग आतलं. ज्यानं कुणी हे केलंय त्यानं पडणारी इमारत जवळून बघितलेली आहे. मला त्याला चहाला बोलवावंसं वाटतंय. शिवाय एक उंच काचेची इमारत आहे, तिच्याशी मामंजी काहीतरी करतात, पण नेमक्या त्या वेळी ट्रेलर संपतो.

पण जनावराचं मला काही कळत नाही. मी कितीही ठरवलं तरी माझे डोळे खांबांवर जातात. जन्म गेला मोडकळीला आलेल्या इमारती हातोडीनं ठोकून बघण्यात. भरीव कुठली आणि बद्द वाजते कुठली, एवढंच मला येतं. आपली वाटणी ठरलेली होती ना, इमारती मी बघायच्या, जनावर तू. मग बाहेर आल्यावर चहा पिताना आपापला अर्धा पिक्चर एकमेकींना सांगायचा. आता माझ्याकडे नुसता अर्धाच आहे. दुधाची तहान ताकावर भागवायची म्हणून चिरंजीवांना शेजारी बसवून ट्रेलर दाखवला. त्याचं विम्याचं ऑफिस त्याच्या डोक्यातून जात नाही. शहर कोसळत होतं आणि हा म्हणतो, "आई, ह्या सगळ्याचा पंचनामा कोण करणार?"

ऑफिस मला निवृत्तीनंतरही सोडत नाही. एखादी इमारत वादात पडली की गाडी दारात येते. हल्ली वर मुलं चढतात, मी खाली उभी राहून हातोडीचा आवाज ऐकते. कान शाबूत आहेत. मागच्या महिन्यात एका जिन्याची पायरी माझ्यासकट खाली आली, पण ते असो. मूळ मुद्दा मामंजींचा आहे.

त्यांच्या चालीत काहीतरी वेगळं आहे असं मला वाटतं. काय ते सांगता येत नाही. तू ट्रेलर बघितलास का?


बुधवार, १९ मार्च

डॉक्टरीणबाई,

आलं! तुझं आलं!

आता ह्याला पत्र म्हणायचं का हा वेगळा प्रश्न. दवाखान्याच्या औषधं लिहायच्या कागदाचा तुकडा, त्यावर जनावराचं नाव, वय ही जागा कोरी, आणि खाली तुझ्या त्या किड्यामुंग्यांच्या अक्षरात: "उजवा पुढचा पाय. पाय बघू नका, मान बघा."

ना वर काही, ना खाली काही. आधी माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. सासूला, बरं, माजी सासूला, कुणी असं लिहितं का? गायीच्या मालकालासुद्धा तू ह्याहून चार शब्द जास्त लिहीत असशील. मग दुसऱ्या क्षणाला लक्षात आलं, की म्हणजे तू ट्रेलर बघितलास! आणि एकदाच नाही बघितलास. एकदा बघून मान कुणाला दिसते?

मग मी मान बघितली. तू गोठ्यात मला शिकवलं होतंस ते आठवून बघितली. दुखरा पाय टेकला की जनावर मान वर उचलतं, चांगला पाय टेकला की मान खाली येते. अगं, उचलतात मामंजी मान! पुलावरून येताना प्रत्येक उजव्या पावलाला उचलतात! ते लंगडतायत! आणि जगातल्या सगळ्या लोकांना वाटतंय की ते रागावलेत! पेपरात तर चक्क 'चवताळलेला' असं छापलंय. मला त्या पेपरवाल्याला तुझा तुकडा दाखवावासा वाटला.

मी आनंदानं घरभर फिरले. म्हणजे फिरले नाही, बसल्या जागी टाळ्या वाजवल्या. चिरंजीवांनी विचारलं, "कुणाचं पत्र?" मी लपवणार होते, पण मला खोटं बोलताना हसू येतं. सांगितलं. त्याला मी तुला लिहिते हे माहीत नव्हतं. त्यानं विचारलं, "बरी आहे का ती?" मी म्हटलं, "तिनं तिच्याबद्दल काही लिहिलेलं नाही. मामंजींचा पाय दुखतोय." त्यावर तो हसला. बऱ्याच दिवसांनी हसला.

सोबत तिकीट पाठवतेय. शुक्रवार, अठ्ठावीस, दुपारचा पहिला खेळ, आपलं जुनंच थिएटर. मधल्या वाटेच्या कडेच्या दोन खुर्च्या. कडेची माझी, आतली तुझी. तुझ्या गावाहून सकाळची गाडी धरलीस तर आरामात पोचशील. ऑपरेशन असेल तर पुढे ढकल, आणि गाय विणार असेल तर तिला माझ्याकडून समजावून सांग.

उत्तर नको. तू आलीस की तेच उत्तर.

ता. क. तुझे गमबूट आता मला अगदी बरोबर बसतात. रबर आखडतं वाटतं.


गुरुवार, २७ मार्च

हे पत्र तुला वेळेत मिळणार नाही, तरी लिहिते, कारण मला दुसरं काही सुचत नाहीये. उद्या! चिरंजीव म्हणतायत की मी सोडायला येतो, तू रिक्षानं जाऊ नकोस. मी हो म्हटलं. तो दारातूनच परत जाईल, काळजी करू नकोस. मी त्याला तसं सांगितलंय.

साडी कुठली नेसू? निळी नेसते. अंधारात काय दिसणार म्हणा.

आलीस तर बरं होईल गं. इतकंच.


शुक्रवार, २८ मार्च, संध्याकाळ

डॉक्टरीणबाई,

तू आली नाहीस.

ठीक आहे. मी रागावलेली नाही. म्हणजे रागावले आहे, पण पिक्चर इतका भन्नाट आहे की रागवायला धड जागाच मिळत नाही. आधी पिक्चर सांगते, रागाचं शेवटी बघू.

थिएटर भरून वाहत होतं. तुझी खुर्ची मी पर्स ठेवून अडवली होती. चिरंजीव मला हात धरून खुर्चीपर्यंत सोडायला आत आले, आणि तेवढ्यात दिवे गेले. मागची माणसं ओरडायला लागली, "बसा की!" मी त्याला म्हटलं, "ती येईपर्यंत टेक इथे, आली की ऊठ." तो टेकला. तुला त्याची झोप माहीत आहे. पाट्या संपायच्या आत त्याचं डोकं माझ्या खांद्यावर होतं. ह्या आठवड्यात त्यालाही ऑफिसात फार झालंय. मी दाराकडे बघत होते. दार उघडलं की मान वळवायची, असं पहिली पंधरा-वीस मिनिटं चाललं. मग धरण फुटलं.

आणि त्या क्षणी मी ठरवलं. तू नाहीस, तर मामंजींकडे कोण बघणार? इमारती कुठे जात नाहीत, त्या पडायच्या तशा पडतील. मी आज जनावर बघायचं. आयुष्यात पहिल्यांदा मी खांबांकडे पाठ फिरवली. सोपं नव्हतं. काहीतरी कडाडकन मोडायचं, डोळे तिकडे धावायचे, मी त्यांना ओढून परत मानेवर आणायची.

तर ऐक. सगळं जसं बघितलं तसं सांगते, तू नीट मनात बसव. ते वर आले तेव्हा नाकातून पाणी टाकलं, आणि श्वास वर-वर चालला होता, बरगड्या दिसत होत्या. कातडी मागच्यापेक्षा फिकी. डावीकडचं शिंग तुटलेलं ते तसंच आहे. हिरड्या पांढुरक्या. तू म्हणायचीस ना, हिरड्या पांढऱ्या म्हणजे रक्त कमी. आणि मान! प्रत्येक पावलाला! सैन्य आलं, तोफा आल्या, तो टाय लावलेला अधिकारी "हल्ला करतोय, हल्ला करतोय" म्हणून बोंबलत होता, आणि मला राहवलं नाही, मी उभी राहून ओरडले, "उजवा! उजवा पुढचा! दुखतोय त्याचा!" अख्खं थिएटर माझ्याकडे बघायला लागलं. कुणीतरी म्हणालं, "आजी, खाली बसा." चिरंजीव एवढ्यानंही उठले नाहीत.

आणि खरं निघालं! पार शेवटी ते पाय उचलतात आणि तळव्यात धरणाच्या दरवाज्याचा लोखंडी तुकडा घुसलेला दिसतो. सगळं थिएटर "आई गं" म्हणालं. मला तासभर आधीपासून माहीत होतं! मला! खांब ठोकणाऱ्या बाईला! मी शेजारी वळून म्हणाले, "बघितलंस?" तर शेजारी तो घोरत होता.

तेव्हा मला रडू आलं. पिक्चरमुळे नाही.

एक मात्र राहूनच गेलं. ती उंच काचेची इमारत. मामंजी तिच्याजवळ गेले, मान खाली घातली, उजवा पाय अधांतरी उचलला, आणि मग प्रचंड आवाज झाला. मी पायाकडे बघत होते. इमारतीचं काय झालं ते मला ठाऊक नाही. चाळीस वर्षं नोकरी करून मला ठाऊक नाही! पेपरात लिहितील की त्यांनी ती पाडली. तूही कुठेतरी बघशीलच पिक्चर. तेव्हा माझ्यासाठी तेवढं बघ.

राग आता फारसा उरलेला नाही. थकले. ह्यापुढे मी लिहिणार नाही, तुला अवघडल्यासारखं होत असेल. तू बरी राहा.


गुरुवार, ३ एप्रिल

अगं बाई,

लिहिणार नाही म्हणाले होते. गेलं ते.

तुझं पत्र आत्ता आलं. पोस्टमनच्या समोरच फाडलं. तो बिचारा सहीसाठी पेन धरून उभा, आणि मी पहिल्याच शब्दावर अडकले. "अहो आई," असं लिहिलंयस. वर्षभरात मला कुणी अहो आई म्हटलेलं नाही. चिरंजीव नुसतंच आई म्हणतो, त्यात ती मजा नाही. मी पोस्टमनला म्हटलं, "बघा, सूनबाईचं पत्र आहे." तो म्हणाला, "सही करा."

तर तू आली होतीस. हसावं की रडावं! माझं पत्र तुला मिळालं, गाडी तुला मिळाली, फक्त ती उशिरा पोचली. तू अंधारात वाटेनं आलीस आणि तुझ्या जागेवर त्याचं डोकं माझ्या खांद्यावर टेकलेलं बघितलंस. लिहितेस, "उठवावंसं वाटलं नाही. तो असा झोपला की किती थकलाय ते मला कळतं. परत जाणार होते, पण तिकीट तपासणाऱ्यानं शेवटच्या रांगेत स्टूल दिलं." अगं, हाक मारायची होतीस! मी त्याला कानाला धरून उठवला असता! पण असो. तू तशी आहेस म्हणून तर.

तुझं पुढचं वाक्य मी चिरंजीवांना मोठ्यानं वाचून दाखवलं: "तुमचं 'उजवा! उजवा पुढचा!' मागपर्यंत ऐकू आलं. तेव्हा कळलं की तुम्ही जनावर बघताय. म्हटलं, म्हणजे इमारती कुणीच बघत नाहीये. मग मी इमारती बघितल्या."

आणि काय बघितल्यास! पानभर खांब! मला वाटलं माझ्याच हाताखालच्या कुणी अहवाल पाठवलाय. त्या काचेच्या इमारतीचं तू लिहितेस: "त्यांनी धक्का दिला नाही. नुसता स्पर्श झाला. वरचे मजले तसेच्या तसे होते, सगळ्यात खालचा मजला मोकळा होता, गाड्या लावायला असतो तसा, नुसते खांब, भिंती नाहीत. तोच दुमडला आणि वरची सगळी इमारत त्यावर बसली. ते तिच्याजवळ का गेले ते मला माहीत नाही, मी खांब बघत होते."

का गेले ते मला माहीत आहे! मी पाय बघत होते! माझा कागद आणि तुझा कागद शेजारी ठेव, म्हणजे झालं. पाय दुखत होता, तो उचलला आणि तीन पायांवर उभं राहायला आधार हवा होता. ते टेकायला गेले गं! पाडायला नाही, टेकायला. आणि खालून पोकळ निघाली. जगात हे फक्त आपल्या दोघींना कळलंय. म्हणजे आपण पिक्चर एकत्रच बघितला की! मध्ये अर्धं थिएटर होतं एवढंच.

चिरंजीवांना सगळं ऐकवलं. आधी म्हणाला, "मला उठवायचं नाही का?" मी त्याला स्पष्ट सांगितलं, की तू माझा मुलगा आहेस, तुझ्यासाठी घरातली प्रत्येक खुर्ची आहे, पण थिएटरातली ती एक खुर्ची तिची आहे. तो म्हणाला, "माहितीये मला." मग म्हणाला, "रविवारी मी तुम्हाला सोडतो. आत येत नाही. बाहेर चहा पीत बसतो." त्याला तुझ्याशी बोलायचं आहे असं काही नाही, आणि नाहीही असं नाही. ते तुमचं तुम्ही बघा. मी मध्ये पडणार नाही, मी पिक्चर बघत असेन.

तर रविवार, सहा तारीख, दुपारचा खेळ. त्याच दोन खुर्च्या मिळाल्या. ह्या वेळी आपापलं काम आपण करायचं. खांबांचं तू बरं केलंस, पण सळ्यांबद्दल एक अक्षर नाही, तेव्हा तुझ्यावर सोडता येणार नाही.

आता तुझी शेवटची ओळ. मी ती वाचली नाही असं दाखवणार होते. "खेळ संपल्यावर तुम्ही त्याचा हात धरून वाटेनं वर आलात. दर उजव्या पावलाला तुमची मान वर जात होती. पाय कधीपासून दुखतोय?"

मी ट्रेलरबद्दल चार-चार पानं लिहिली, पायरीबद्दल एक ओळ लिहिली, तीही पाय दडपून. मुलाला मुरगळला म्हणून सांगितलं, ऑफिसात तेच सांगितलं. किती दुखतोय ते घरात रोज बघणाऱ्यांना कळलं नाही, आणि तू अंधारात, मागून, गर्दीत बघितलंस. तुझ्यासमोर जनावरांनी तरी काय लपवायचं आणि माणसांनी तरी काय.

पायरी कोसळली तेव्हापासून दुखतोय. दाखवीन. पण पिक्चर संपल्यावर, आणि हात लावायच्या आधी सांग, मी लाथ मारते.

दारात मला ओळखायला त्रास पडणार नाही. निळी साडी, आणि तुझे गमबूट. दुसरं काही ह्या पायात जात नाही.

तुझी
अहो आई